खंडेनवमीचा सर्व्हर

"उघडलं काय गं पोरी?" मल्लाप्पाकाकांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं, "उघडतंय काका, एक मिनिट."

उघडत नव्हतं. क्लासच्या सरांकडून मागून आणलेल्या लॅपटॉपवर नुसतं पांढरं पान आणि त्यावर एक गोल चक्र फिरत होतं. माझ्या मागं यंत्रमाग सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर आमच्या इचलकरंजीतले सगळे खर्चीवाले सभासद मांडी घालून बसले होते. खर्चीवाले म्हणजे व्यापाऱ्याचं सूत आणायचं, आपल्या मागावर विणायचं आणि मजुरी घेऊन कापड परत द्यायचं, असे लोक. माझे अण्णा त्यातलेच. दिवस खंडेनवमीचा. गावातला एकूण एक माग बंद, म्हणून सगळे मोकळे, आंघोळ करून कपाळाला गंध लावून आलेले. हॉलमधली पूजा झाली होती, खोबरं वाटून झालं होतं, आणि आता दत्तूअण्णाची पोरगी काय दाखवणार म्हणून माना उंच करून बसले होते.

"नेट गेलं असंल," कोणीतरी म्हणालं.

नेट गेलं नव्हतं. बाकीची पानं फटाफट उघडत होती. उघडत नव्हतं ते एकच, माझं. आणि ते पान राहायचं माझ्या घरी, माजघराच्या कोपऱ्यात, मी स्वतः जोडलेल्या डब्यात.

'डबा' हा शब्द अण्णांचा. मी त्याला सर्व्हर म्हणायचे. हे सगळं होऊन बारा-तेरा वर्षं झाली, तेव्हा आमच्या गल्लीत सर्व्हर हा शब्द कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आईला मी सांगितलं होतं, "आई, हा कधी न झोपणारा कॉम्प्युटर. ह्याच्यात ठेवलेलं कुणीही, कुठनंही, मोबाईलवर बघायचं." आई म्हणाली होती, "मग तुझ्या आजीगत हाय म्हणायचा."

त्या वर्षी मी बी.एस्सी. संपवून सकाळी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासच्या मागच्या खोलीत मेलेल्या मशीनचा ढीग पडलेला. सरांना म्हटलं, मला ह्यातलं काय लागेल ते नेऊ द्या. सर म्हणाले, "ने की. मला भंगारवाल्याला बोलवायचा ताप वाचला." एकाचा बोर्ड घेतला, दुसऱ्याची रॅम, तिसऱ्याचा पॉवर सप्लाय. मैत्रिणीच्या भावानं जुनी हार्ड डिस्क दिली. रॅम चालेना तेव्हा तिचे दात खोडरबरानं घासले, मग चालली. कॅबिनेटला एका बाजूचं झाकणच नव्हतं. बरंच झालं म्हटलं, हवा लागेल. आमच्या घराला लागूनच अण्णांचा कारखाना, म्हणजे चार मागांची पत्र्याची शेड. तिथला कापसाचा भुगा घरभर उडायचा, म्हणून मी दर रविवारी ब्रशनं त्याचं पोट साफ करायचे. लाईट गेली तर चालावं म्हणून जुनी बॅटरी जोडली. माझा आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर! त्याची पहिली बीप ऐकली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले होते. अण्णा दारातून बघून गेले. "मीटर किती फिरतंय बघ जरा," एवढंच म्हणाले.

अण्णा त्या डब्याला हात लावायचे नाहीत. जाता-येता वळसा घालून जायचे.

पुढे सोसायटीचे चेअरमन मल्लाप्पाकाका एकदा कारखान्यावर येऊन तक्रार करत बसले होते, की आज कुठला व्यापारी किती मजुरी देतोय हे खर्चीवाल्याला कळतच नाही, दलाल सांगतील ते खरं. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "काका, हे मोबाईलवर दिसलं तर?" काकांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. "तुझी पोरगी काय म्हणालीया, ऐकलंस काय दत्तू?" अण्णा म्हणाले, "बोलती खूप."

पण काकांनी मनावर घेतलं. मी पान तयार केलं, डब्यात ठेवलं, आणि घटस्थापनेपासून चार-पाच जणांच्या मोबाईलवर ते रोज उघडायला लागलं. खंडेनवमीला सगळ्या सभासदांना दाखवायचं ठरलं. पसंत पडलं तर काम माझं. कायमचं.

आणि नाही पडलं तर काय, तेही ठरलेलं होतं. माझ्या मामानं जयसिंगपूरचं एक स्थळ आणलं होतं. सूतव्यापारी, मोठं घर, मुलगा एकटा. मामाला घाई. मी अण्णांसमोर रडले नाही, भांडले. नाकावर राग तर माझ्या जन्मापासूनच. "मला काम करायचंय. माझं स्वतःचं काहीतरी उभं राहतंय इथं." अण्णांनी तंबाखू मळत शांतपणे सांगितलं होतं, "दसऱ्याला पावणे सुपारी फोडायला यायचं म्हणत्यात. त्याच्या आत तुझ्या डब्यानं ह्या घराला काय उपयोग हाय ते दाखीव. न्हाईतर मी मामाला न्हाई म्हणू शकत न्हाई." एकदा सुपारी फुटली की आमच्यात मागं फिरता येत नाही.

आणि आता दसरा उद्यावर, आणि चक्र फिरतंय.

मी अण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

"काका, मी घरी जाऊन आले. लगेच."

"जा, पण लवकर ये. ही माणसं फार वेळ बसणार न्हाईत."

पुढच्या रांगेत कलाप्पा म्हणून एक जण होते, कुणाचं काही बिघडलं की त्यांना चेव यायचा. ते मोठ्यानं म्हणाले, "खंडेनवमीला मशीन चालवायला निघाली व्हय ही? देव बरा चालू दील!" चार जण हसले. मी चपला कशातरी पायात अडकवल्या आणि सायकल काढली.

दारातच ओलं होतं. रांगोळीवरून पाय घसरता घसरता वाचला. आतून उदबत्तीचा वास आणि घंटीचा आवाज. माजघरात अण्णा पाठमोरे, कडक धोतर नेसलेले, एका हातात घंटी, एका हातात निरांजन. समोर दोन पाट. एका पाटावर नेहमीप्रमाणे मागाची हत्यारं मांडलेली. धोटा, फणी, नटबोल्टचे पाने, कात्री, तेलाचा डबा, सगळं घासूनपुसून, हळदकुंकू लावून. खंडेनवमीला हे आमच्याकडे दरवर्षीचं. हत्यारांना विश्रांती. उद्या दसऱ्याला मुहूर्तावर पुन्हा चालू करायची.

दुसऱ्या पाटावर माझा सर्व्हर होता.

वायरी काढून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. वर झेंडूची माळ. पत्र्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं. झाकण नसलेल्या बाजूनं आतल्या बोर्डावर अक्षता पडलेल्या, आणि पाण्याचे थेंब चमकत होते. पंख्यात एक झेंडूचं फूल.

"आलीस? बरं झालं," अण्णा मागं वळून म्हणाले. "घे, आरती घे."

"हा बंद कुणी केला?"

"मी. आज यंत्रं बंद असत्यात न्हवं?"

"अण्णा! अहो तिकडं सगळा हॉल भरून माणसं बसलीत! ह्याच्यातच आहे ते सगळं!"

अण्णांना कळेना. "तू मशीन घेऊन गेलीस की. ते काळं, घडीचं."

"ती नुसती काच आहे बघायची! मशीन हे आहे, हे! हे चालू असलं तरच तिकडं दिसतं!"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मी तोवर माळ ओरबाडून काढली होती. ओढणीनं बोर्ड टिपला, अक्षता झटकल्या, फूल काढलं, वायरी खुपसल्या. मागं हॉल, पुढं जयसिंगपूर, मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"अगं, ओलं हाय ते अजून," आई म्हणाली.

मी बटण दाबलं.

पंखा अर्धा फेरा फिरला. आतून फट् असा बारीक आवाज आला, आणि उदबत्तीच्या वासात जळका वास मिसळला. मग काहीच नाही. मी बटण दाबत राहिले. पुन्हा. पुन्हा. आईनं माझा हात धरला.

मग जे माझ्या तोंडातून निघालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं असणार. "तुम्हाला हेच पाहिजे होतं! तुम्हाला माझं लग्नच लावून मोकळं व्हायचं होतं. सरळ नाही म्हणायचं ना मग, देवाच्या नावाखाली कशाला मारलंत ह्याला? एवढ्या दिवसांत एकदा तरी ह्याच्याकडे बघितलंत? आणि आजच बरी ह्याची आठवण झाली!"

"राजश्री!" आई ओरडली.

निरांजन अण्णांच्या हातात तसंच होतं. ते त्यांनी खाली ठेवलं, धोतराचा सोगा सावरला आणि मागच्या दारानं कारखान्यात निघून गेले. बंद मागांच्या मध्ये जाऊन बसले असणार. मी बघायला गेले नाही.

हॉलवर परत गेले तेव्हा निम्मी सतरंजी रिकामी झाली होती. मी मल्लाप्पाकाकांना खरं ते सांगितलं. सगळ्यांसमोर सांगायला लागलं, कारण त्यांनीच मोठ्यानं विचारलं. कलाप्पांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे आमच्या धंद्याचं सगळं ह्यांच्या देवघरात! उद्या हिच्या आईनं झाडू मारताना वायर उपटली, की आम्ही बसायचं बोंबलत!" आता मात्र सगळा हॉल हसला. वाईट ह्याचं वाटलं, की तो माणूस चुकीचं बोलत नव्हता. झाकण नसलेला, भंगारातला, माजघराच्या कोपऱ्यातला डबा, त्याच्या जिवावर मी लोकांची मजुरी बांधायला निघाले होते.

मल्लाप्पाकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "मन वाईट करू नको. कोल्हापूरच्या एका कंपनीचा माणूस पण येऊन गेलाय. दसरा झाला की कमिटी बसंल, मग बघू." बघू म्हणजे काय, ते मला शाळेत असल्यापासून कळतं.

आईनं संध्याकाळी पुरणाची डाळ भिजत घातली, कारण पावणे येणार होते. मला म्हणाली, "उद्या ती हिरवी साडी नेस." मी म्हटलं, "नेसते." भांडायची पण ताकद उरली नव्हती. डबा पाटावरच होता. पूजेला मांडलेलं दसऱ्याच्या आधी उचलत नाहीत.

दसऱ्याला इचलकरंजीत कोंबड्याची गरज नसते. मुहूर्त झाला की पहिला माग सुरू होतो, मग दुसरा, मग सगळी गल्ली, आणि बघता बघता सगळं गाव खटखट करायला लागतं. त्या आवाजात मी जन्मापासून झोपले, अभ्यास केला, भांडले. त्या सकाळी डावीकडच्या ईराप्पाकाकांचे माग सुरू झाले, उजवीकडचे झाले, समोरचे झाले. आमचे झाले नाहीत.

"अहो, मुहूर्त टळतोय," आई म्हणाली.

अण्णा ओट्यावर बसून होते. आंघोळ झालेली, नवीन शर्ट घातलेला, हात गुडघ्यावर. "टळू दे."

"आज माग बंद ठेवत्यात व्हय कोण? व्यापाऱ्याच्या सुताचा बीम चढवलाय मागावर, आठवड्यात कापड द्यायचंय."

"म्हायती हाय मला."

आई माझ्याकडे बघायला लागली, जसं काही मला माहीत असणार. मला वाटलं, माझ्या कालच्या बोलण्याचा राग आहे हा. म्हटलं असू दे. मला पण आहे. मी हिरवी साडी नेसून आत बसले.

दुपारी मामा पावण्यांना घेऊन आले. मुलाचे वडील बाबासाहेब, त्यांचे एक भाऊ, आणि सोबत सुपारी, नारळ, पेढ्यांचा पुडा. मुलगा आला नव्हता, त्याला दुकान होतं. बाबासाहेब उंचेपुरे, खणखणीत आवाजाचे. खुर्चीवर बसताच त्यांनी कान टवकारले.

"दत्तोबा, माग बंद कसं? दसरा हाय की आज."

मामा घाईघाईनं म्हणाले, "पावणे येणार म्हणून ठेवलं असंल बंद. बोलायला ऐकू यावं म्हणून."

"तसं न्हाई," अण्णा म्हणाले. "घरातलं एक हत्यार बंद पडलंय. ते सुरू झाल्याबिगर बाकीची सुरू करत न्हाई मी."

"कुठलं हत्यार?"

अण्णांनी माजघराकडे बोट केलं. पाटावर डबा, कपाळभर कुंकू घेऊन. मी दाराआडून बघत होते.

बाबासाहेबांनी वाकून बघितलं आणि हसले. वाईट नाही हसले, आपलं घरातल्या लेकरांचं काहीतरी बघून हसतात तसं. "अहो, हे पोरीचं कॉम्प्युटर! हे हत्यार व्हय?"

"काल पूजा केलीया त्याची."

"बरं मग केली तर केली. आमच्या घरात नवाकोरा हाय एक, दुकानात. पोरगी आली की बसंल त्याच्यावर गाणी ऐकत. काम करायची काय गरज न्हाई तिला आमच्यात." त्यांनी सुपारी ताटात ठेवली. "चला, मुहूर्त बघितलाय आम्ही."

अण्णा सुपारीकडे बघत बसले. हात पुढं करेनात. मामा अस्वस्थ झाले. "भावजी! काय झालं? शब्द दिलाय आपण."

"शब्द असा दिला होता, की डबा उपयोगाचा न्हाई निघाला तर."

"न्हाईच निघाला की! सगळ्या गावात हसं झालं काल, मला जयसिंगपुरात कळलं!"

"बंद मी केला," अण्णा म्हणाले. "डब्यानं काय केलं न्हाई."

मामा तडकले. "एक पत्र्याचा डबा, त्याच्यापायी असलं स्थळ घालवताय? काय येड लागलंय काय तुम्हाला?"

तेव्हा आई आली. हातात चहाचा ट्रे. तो तिनं खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवला, पदर खांद्यावर ओढला, आणि पावण्यांसमोर कधी न बोलणारी माझी आई थेट आपल्या भावाला म्हणाली, "दादा, लग्न होऊन आल्यापासनं मी शिलाई मशीन चालवते. ह्या घराची दूधभाजी त्याच्यावर भागली. पण ह्या माणसानं एकदाही खंडेनवमीला माझ्या मशिनीला कुंकू लावलं न्हाई. काय म्हणायचे म्हायती हाय? ज्यानं घर चालतं तेवढंच पाटावर मांडायचं. मी आपलं चुलीपाशी बसून माझ्या मशिनीला मीच दोन बोटं ओढायची."

अण्णांनी मान खाली घातली.

"परवा ईराप्पाभाऊजी आले होते," आई पुढं म्हणाली. "राजीच्या पानावर मजुरी बघितली, दलालाला तोंडावर सांगितलं, आणि पहिल्यांदा वाढवून घेतली म्हणाले. हे काय बोलले न्हाईत. काल सकाळी राजी हॉलवर गेल्यावर मला म्हणाले, दुसरा पाट काढ. मी म्हटलं, कशाला? तर स्वतः गेले, तो डबा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि पाटावर ठेवला. बाळाला ठेवतात तसा. ह्या घरात मागाशिवाय दुसरं काय पाटावर बसलं असंल तर ते एवढंच. आता तुला येड वाटत असंल तर वाटू दे."

बाहेर सगळ्या गावाचे माग चालले होते, आणि ते आमच्या माजघरात स्पष्ट ऐकू येत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते मी पुसलं पण नाही. काल मी त्यांना काय काय बोलले होते! अख्ख्या आयुष्यात त्या माणसानं माझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट पाटावर मांडलेली होती, आणि मला तिथं फक्त पाणी दिसलं.

बाबासाहेब उठले. मानी माणूस होते, आवाज चढवला नाही. "दत्तोबा, सुपारी उचलू काय मी?"

"उचला," अण्णा म्हणाले. "पेढे घेऊन जावा. राग मानू नका. लेक तुमच्या घरी सुखात ऱ्हाईल ह्यात शंका न्हाई मला. पण तिचं हत्यार हितं बंद पडून ऱ्हाईल."

मामांनी जाताना अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे कितीतरी वर्षं ते आमच्या दारात आले नाहीत. आईनं भाऊबीजेला जयसिंगपूरला जायचं, ओवाळायचं, आणि कोरडा चहा पिऊन परत यायचं, असं चाललं. हे काही गोड गोड प्रकरण झालं नाही. सोसायटीचं काम कोल्हापूरच्या कंपनीलाच गेलं. आमचे माग वेळेत सुरू झाले नाहीत म्हणून व्यापाऱ्यानं त्याचा बीम उतरवून नेला, आणि ती दिवाळी आईच्या शिलाईवर झाली. गल्लीतली माणसं अण्णांना 'कॉम्प्युटरचा भगत' म्हणायची. त्यांच्या तोंडावर.

पण तो दसरा. पावणे गेले, आई पेढ्याच्या पुड्याकडे बघत उभी राहिली, कारण तो तिथंच राहून गेला होता. मी बाहेर आले. माफी मागायची तर आमच्या घरात त्याची पद्धत नाही, कुणी शिकवलेलीच नाही.

अण्णा माजघरात पाटासमोर जाऊन बसले होते. चष्मा लावून त्या उघड्या बाजूतून आत बघत होते. एवढ्या जवळून पहिल्यांदाच.

"ये हिकडं," म्हणाले. "काय जळलंय ते दाखीव."

मी हिरव्या साडीतच त्यांच्या शेजारी बसले आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. बोर्ड सोडवायला लागले. एका कोपऱ्यात काळा डाग पडला होता.

"ह्याला काय म्हणत्यात?"

"मदरबोर्ड. सगळं ह्याच्यावर बसतं. हा गेलाय."

"आणि हे?"

"ही रॅम. ही वाचली असेल."

"आणि हे चपटं?"

"हार्ड डिस्क. आपलं पान ह्याच्यात आहे. हे चांगलं असलं तर दुसऱ्या बोर्डावर सगळं परत येईल."

"बोर्ड मिळतोय?"

"सरांच्या मागच्या खोलीत ढीग आहे. शोधायला लागेल. चालेलच असं नाही."

"शोधू," अण्णा म्हणाले. त्यांनी हात पुढं केला, थांबले, मग एका बोटानं रॅमच्या कडेला अडकलेला अक्षतेचा दाणा अलगद काढला. तो तळहातावर घेऊन ते बघत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी जास्त झालं काय गं माझ्याकडनं?"

"नाही अण्णा. ओलं असताना मी बटण दाबलं, म्हणून झालं. सुकू दिलं असतं तर काही झालं नसतं."

"तरी बी."

त्यांचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी स्क्रू एका वाटीत टाकले आणि म्हटलं, "पुढच्या वर्षी नुसतं कुंकू लावा."